गायकवाड मॅडम आणि न बसणारा लूप

मुलाखतीला गेले त्या दिवशी अंधेरी पूर्वेच्या त्या ऑफिसात मी बाहेरच्या खुर्चीवर वाट बघत बसले होते. आतून एकदम बाईचा आवाज आला, "बसलं! ए, बसलं रे!" पाठोपाठ टेबलावर धाडधाड थापा. मला वाटलं, आत क्रिकेटची मॅच लावलीय. रिसेप्शनवरची मुलगी मान वर न करता म्हणाली, "गायकवाड मॅडम आहेत. त्यांचं काहीतरी जमलं असणार."

थोड्या वेळाने त्याच बाई माझी मुलाखत घ्यायला समोर बसल्या. प्रज्ञा गायकवाड. पन्नाशी कधीच ओलांडलेली, ठेंगणी अंगलट, आखूड कापलेले केस, सुती कुर्ता आणि त्याखाली धावायचे बूट. चेहऱ्यावर मघाचा आनंद तसाच होता, पुसायचं राहून गेल्यासारखा.

"राहतेस कुठे?"

"मुलुंडला."

"आधीच्या नोकरीत इतकी वर्षं काढलीस. तिथे कधी एखादा आकडा बघून उडी मारलीस?"

मी खरं ते सांगितलं. नाही मारली.

"मग ये इथे. मारशील."

माझी डिग्री, मार्क, त्यांनी काही विचारलं नाही. दुसऱ्या आठवड्यात मी रुजू झाले आणि त्या दिवसापासून माझं नाव मुलुंड पडलं. मॅडम सगळ्यांना राहत्या ठिकाणाने हाक मारायच्या. ऋषिकेश नावाचा एक हुशार पोरगा होता, तो बोरिवली. आमचे साहेब, मिलिंद नाडकर्णी, यांना मात्र त्या "अरे मिलिंद" म्हणायच्या, कारण दोघं कॉलेजात एका वर्गात होते. साहेब क्लायंटसमोर बसलेले असले तरी "अरे मिलिंद"च. साहेबांनी ते सोडून दिलं होतं.

आमचं काम असं, की केमिकलचा कारखाना उभा राहायच्या आधी तो कॉम्प्युटरवर चालवून बघायचा. कुठल्या भांड्यात काय जाईल, काय बाहेर येईल, किती तापेल, सगळं. ऐकायला सोपं वाटतं. पण कारखान्यात कच्चा माल एका फेरीत सगळा वापरला जात नाही. उरलेला वेगळा काढून परत सुरुवातीला आणून सोडतात. त्या गोल रस्त्याला आम्ही लूप म्हणतो. आणि एकदा लूप आला, की हिशोब स्वतःचीच शेपटी धरायला धावतो. पहिल्या भांड्याचं गणित करायचं तर शेवटून परत काय येणार ते माहीत हवं. शेवटचं करायचं तर पहिल्याचं हवं. मग काय करायचं? परत येणाऱ्या मालाचा एक अंदाज धरायचा, सगळा फेरा मोजायचा, आणि खरंच किती परत आलं ते बघायचं. जुळलं नाही तर नवा अंदाज, नवा फेरा. अंदाज आणि उत्तर एक झालं, की ते 'बसलं'. दोन-तीन लूप एकमेकांत गुंतलेले असले, की एक बसतो तोवर दुसरा उठतो.

हे मला पुस्तकातून माहीत होतं. कळलं ते मॅडमनी कॉरिडॉरमध्ये उभं केल्यावर.

एका दुपारी त्या खालच्या गाडीवरून भाजलेल्या शेंगांची मोठी पुडी घेऊन आल्या. आम्हा पाच-सहाजणांना लिफ्टसमोर ओळीने उभं केलं. "बोरिवली, तू रिअॅक्टर, कच्च्याचा पक्का माल करणारं भांडं. समोर येतील त्यातल्या अर्ध्याच शेंगा सोलायच्या. मुलुंड, तू छाननी. दाणा दिसला की पुढच्या वाटीत टाक. दाणा नाही, ते सगळं मागे पाठव. टरफलं डब्यात." त्या स्वतः ओळीच्या सुरुवातीला उभ्या राहून ताज्या शेंगा सोडत होत्या.

पहिले काही फेरे नुसता गोंधळ. कोणाच्या हातात ढीग, कोणाचे हात रिकामे. मग हळूहळू सगळं लयीत आलं. मूठभर शेंगा येतात, तेवढेच दाणे पुढे जातात, मागे जाणारा ढीग ना वाढतो ना घटतो. "बघा, बसलं!" मॅडम ओरडल्या. आम्हीही हसायला लागलो. खरंच मजा येत होती.

मग माझ्या लक्षात आलं, की माझ्या हातात मधूनमधून खडा येतोय. कुंडीतले बारीक खडे मॅडम गुपचूप शेंगांत मिसळत होत्या. खडा म्हणजे दाणा नव्हे, म्हणून मी तो मागे पाठवत होते. बोरिवलीला तो सोलता येत नव्हता, म्हणून तो माझ्याकडे परत. थोड्या वेळाने माझी ओंजळ खड्यांनी भरली आणि शेंगा धरायला जागाच उरली नाही. सगळी ओळ ठप्प.

"मी एका वेळी एकच टाकला," मॅडम म्हणाल्या. "एकच. पण त्याला बाहेर जायला दार कुठाय? आत काय येतंय ते सगळे बघतात गं. जातंय कुठे, ते बघ."

लिफ्टमधून बाहेर पडलेल्या वरच्या मजल्यावरच्या वकिलांनी टरफलांवर पाय दिला आणि तक्रार केली. नाडकर्णी साहेबांना जाऊन माफी मागावी लागली.

मॅडमना बसून सिम्युलेशन चालवता यायचं नाही. बटण दाबलं, की त्या उभ्या राहायच्या. स्क्रीनवर आकडे पळायला लागले की त्यांच्याशी बोलायच्या, घरात चालायला शिकणाऱ्या बाळाशी बोलावं तसं. "ये, ये, ये... अरे तिकडे कुठे? हां, आता कसा!" नवीन मुलं पहिला अंदाज टाकायला कचरायची. चुकला तर? त्यावर त्यांचं ठरलेलं, "चुकीचा अंदाज चालतो रे. अंदाजच नाही, हे चालत नाही."

राग त्यांना पटकन यायचा आणि तितक्याच पटकन जायचा. त्यांचं बोलणं कोणी मध्येच तोडलं, तर उरलेली मीटिंग त्या खिडकीबाहेर बघत काढायच्या. प्रेझेंटेशन भयंकर करायच्या. एका पानावर इतकं कोंबायच्या, की क्लायंट चष्मे बदलून बघायचे. दिंडोशीला आईबरोबर राहायच्या. आईचा फोन रोज दुपारी यायचा. "जयभीम आई, बोल. जेवलीस? नाही, मी नाही जेवले. लूप बसत नाहीये." पलीकडून म्हातारी काय म्हणायची कोण जाणे, पण मॅडम डबा उघडायच्या.

आणि एक सवय. फ्लोशीटचा, म्हणजे सगळ्या कारखान्याच्या नकाशाचा, मोठा कागद छापून आला की त्या पेन्सिलीने त्यावर छोटी छोटी माणसं काढायच्या. पंपाशेजारी एक, टॉवरच्या पायथ्याशी एक. काडीचे हातपाय, गोल डोकं. मी एकदा विचारलं, तर म्हणाल्या, "इथे कोणीतरी उभं राहणार ना? मग दिसू दे की."

मी लागले त्याच्या पुढच्या वर्षी ते काम आलं.

रायगड जिल्ह्यातला एक कारखाना, औषधांसाठी लागणारा माल बनवणारा. त्यांचे दोन लूप आधीपासून चालू होते. एकातून न वापरलेला माल परत यायचा, दुसऱ्यातून द्रावक, म्हणजे माल विरघळवायचा द्रव. आता त्यांना तिसराही जोडायचा होता. माल धुतल्यावर निघणारं पाणी साफ करून तेही परत आत घ्यायचं. कारखान्याबाहेर थेंबही जाणार नाही, अशी त्यांच्या डायरेक्टरची जाहीर घोषणा होऊन गेली होती. आम्ही ते कॉम्प्युटरवर चालवून दाखवायचं, मग ते बांधणार.

दोन लूप झकास बसले. तिसरा जोडला आणि सगळंच उठलं.

बोरिवलीने अंदाज बदलून पाहिले. मी अंदाज धरायला लूप वेगळ्या ठिकाणी कापून पाहिला. आकडे जवळ यायचे, अगदी जवळ, आणि मग हळूच पुढे सरकायचे. कधी वर-खाली नाही, कायम पुढेच. द्यायची तारीख तोंडावर आली. नाडकर्णी साहेब येऊन खुर्चीमागे उभे राहिले.

"प्रज्ञा, अंदाज आणि उत्तर यांच्यात किती फरक चालवून घ्यायचा, ते आपणच ठरवतो ना? जरा सैल कर."

मॅडमनी बोरिवलीला खूण केली. त्याने सैल केलं. स्क्रीन हिरवी झाली, म्हणजे लूप बसला.

"झालं ना!" साहेबांनी सुस्कारा टाकला.

मॅडम उभ्याच होत्या. "इथूनच परत फिरव," त्या म्हणाल्या. परत हिरवं. पण आकडा मघापेक्षा चिमूटभर मोठा. "परत." आणखी चिमूटभर. "परत."

मग त्या साहेबांकडे वळल्या. "मिलिंद, हा हट्टीपणा करत नाहीये. हा बोंबलून काहीतरी सांगतोय."

"अगं, सॉफ्टवेअर आहे ते."

"म्हणूनच. त्याला तुझी तारीख माहीत नाही."

"तू माझी वाट लावणार."

"लागू दे. मी यावर सही करत नाही."

साहेब केबिनमध्ये गेले आणि त्यांनी दार जरा जोरात लावलं. आम्ही माना खाली घातल्या. मॅडम मात्र खूश दिसत होत्या, चोराची चाहूल लागलेल्या माणसासारख्या. "चला," म्हणाल्या, "वाढतंय कोण ते शोधू."

आम्ही एकेक पदार्थ घेऊन बसलो. आत किती, बाहेर किती. आत किती, बाहेर किती. दुसऱ्या दिवशी दुपारी सापडला. मुख्य मालाबरोबर नकळत तयार होणारा एक किरकोळ पदार्थ, इतका थोडा की आधीच्या सगळ्या गणितांत कोणी त्याच्याकडे पाहिलं नव्हतं. हा माल वेगळा करायचा टॉवर असतो, त्याला कॉलम म्हणतात. खालून तापवतात. हलकं वरून निघतं, जड खालून. हा पदार्थ ना हलका ना जड. मधल्यामध्ये लटकलेला. वरचा माल एका लूपने परत आत, खालचा दुसऱ्या लूपने परत आत. याचा थोडाफार अंश आजवर माल धुतलेल्या पाण्याबरोबर बाहेर पडायचा, आणि आता तेही दार बंद होणार होतं.

"खडे!" बोरिवली म्हणाला.

"खडे!" मॅडमनी त्याच्या पाठीत अशी थाप मारली, की तो कीबोर्डवर आपटला.

पण त्यांचं तेवढ्यावर भागलं नाही. त्या कॉलमच्या आकड्यांकडे बघत राहिल्या. "मुलुंड, पाणी पूर्ण बंद न करता नुसतं कमी केलं तर?" मी चालवून पाहिलं. तरीही तो पदार्थ साठत होता, फक्त सावकाश. त्यांनी कारखान्याचे जुने आकडे उघडले. मग म्हणाल्या, "म्हणजे हे त्यांच्याकडे आत्ताच चालू असणार. धुवायचं पाणी त्यांनी आधीच कमी केलंय."

क्लायंटबरोबर व्हिडिओ कॉल ठरला. आधी साहेबांनी मॅडमना बाजूला घेतलं. "गोड बोल."

"मी गोडच बोलते."

"तू गोड बोललीस की क्लायंट घाबरतात."

पडद्यावर एका चौकटीत डायरेक्टर आणि शेजारी त्यांचे प्लांट मॅनेजर, पाटकर साहेब, पांढऱ्या मिशांचे, थकल्यासारखे दिसणारे. आमचं म्हणणं ऐकून डायरेक्टर वैतागले. "तुमचा प्रोग्रॅम चालत नाही म्हणून आमचा प्लांट चालणार नाही, हे कसलं लॉजिक?"

साहेब काही बोलणार तेवढ्यात मॅडम पुढे झुकल्या. "पाटकर साहेब, एक विचारू? तुमचा दुसरा कॉलम मधूनमधून ओकतो का?"

पाटकर साहेबांनी डायरेक्टरांकडे पाहिलं. मग कॅमेऱ्याकडे. "तुम्हाला कोणी सांगितलं?"

"कोणी नाही. आकड्यांनी."

"काही आठवडे नीट चालतो," पाटकर साहेब हळूहळू बोलायला लागले. "मग प्रेशर नाचायला लागतं. आतलं सगळं वर उसळतं. आम्ही बंद करतो, रिकामा करतो, धुतो, परत चालू करतो. कधी वाफेला दोष दिला, कधी आत एकावर एक बसवलेल्या ताटल्यांना. ताटल्या बदलूनही झाल्या."

"आणि धुवायचं पाणी कमी केल्यापासून हे वाढलंय?"

"हो," पाटकर साहेब म्हणाले. "अगदी तेव्हापासूनच."

मॅडमनी घाईघाईने माइक बंद केला आणि दोन्ही मुठी हवेत उडवून ओरडल्या, "तरी म्हटलं! तरी म्हटलं मी!" माइक बंद झालेला नव्हता. पलीकडे डायरेक्टर दचकले. नाडकर्णी साहेबांनी कपाळाला हात लावला. पाटकर साहेब मात्र मिशीतल्या मिशीत हसले. बहुधा बऱ्याच दिवसांनी कोणीतरी त्यांच्या कॉलमवर विश्वास ठेवला होता.

मग मॅडमनी विचारलं, "तो ओकतो तेव्हा जवळ कोण असतं?"

"शिफ्टचा ऑपरेटर. मागे एकाच्या अंगावर उडालं होतं. थोडक्यात निभावलं."

मॅडमच्या चेहऱ्यावरचा सगळा उत्साह उतरला. बाकीचा कॉल साहेबांनीच पुरा केला.

नंतर चहाच्या टपरीवर त्या बराच वेळ ग्लास नुसता हातात धरून उभ्या होत्या. "माझे बाबा ऑपरेटर होते," त्या म्हणाल्या. "गाव सोडून आले ते थेट केमिकल कंपनीत लागले. उजवा हात कोपरापासून मनगटापर्यंत भाजून चुरगळलेला. लहानपणी मला वाटायचं, सगळ्यांच्या बाबांचे हात असेच असतात." मग त्यांनी चहा एका घोटात संपवला. "चल गं. त्याला दार काढून द्यायचंय."

दार म्हणजे कॉलमच्या बरोबर मधून एक बारीक पाइप. ऐकायला एवढंसंच, पण तो कुठल्या उंचीवर हवा? जरा वर गेला तर चांगलं द्रावक वाया जाणार, जरा खाली गेला तर तो पदार्थ हाती लागणार नाही. मॅडम आणि पाटकर साहेब रोज फोनवर. पाटकर साहेबांनी चालत्या कॉलममधून वेगवेगळ्या उंचीवरचे नमुने काढून तपासून पाठवले. आमचे आकडे आणि त्यांचे नमुने शेजारी ठेवले, तर तो पदार्थ सगळ्यात दाट जिथे आम्ही म्हणत होतो, त्याच्या अगदी जवळ सापडला. मॅडम ऑफिसभर तो आकडा दाखवत हिंडल्या. हिशोब खात्यातल्या बाईंनाही दाखवला. त्यांनी "छान आहे हो" म्हणून परत कामाला सुरुवात केली.

मग तिन्ही लूप जोडून, तो पाइप लावून, सगळं एकत्र चालवायचा दिवस आला. दुपारच्या चहाची वेळ होती. बोरिवलीने बटण दाबलं, मॅडम उभ्या राहिल्या, आणि का कोण जाणे, आम्ही सगळेच उभे राहिलो. साहेब कप हातात घेऊन केबिनबाहेर आले.

पहिला लूप बसला. दुसरा जरा रेंगाळून बसला. तिसऱ्याने छळ मांडला. उत्तर अंदाजाच्या पुढे, मग मागे, मग पुढे. "ये, ये," मॅडम पुटपुटत होत्या. पुढे, पण कमी. मागे, पण त्याहून कमी. मागे. पुढे. आणि थांबला.

सगळे मॅडमकडे बघत होते. त्यांनी मान हलवली. "दुसऱ्या अंदाजाने चालव."

दुसऱ्याने चालवलं. तेच उत्तर.

"आता वेडावाकडा टाक काहीतरी. तोंडाला येईल तो."

बोरिवलीने डोळे मिटून आकडा टाकला. आकडे लांबून, धापा टाकत आल्यासारखे आले, आणि त्याच जागी येऊन बसले.

मग जे झालं, त्याला ओरडणं म्हणणं कमी पडेल. मॅडमनी मला धरून गरागरा फिरवलं. बोरिवली खुर्चीवर चढला. खालचा वॉचमन धावत वर आला. धक्का लागून साहेबांचा चहा त्यांच्या शर्टावर सांडला आणि ते तसेच, डाग पुसत नाही की काही नाही, मॅडमकडे बघत हसत उभे राहिले. "प्रज्ञा," एवढंच म्हणाले. "काय रे?" "काही नाही. बरं झालं तू सही केली नाहीस."

आणि खरं सांगते, मीसुद्धा उड्या मारत होते.

कारखान्याच्या डायरेक्टरांना थेंबही बाहेर नाही, ही घोषणा मागे घ्यावी लागली, कारण आता एक बारीक धार बाहेर काढून वेगळी नष्ट करायची होती. ते बरेच कुरकुरले. पण पाटकर साहेबांनी स्पष्ट सांगितलं, की पाइप नसेल तर तिसरा लूप मी चालू करणार नाही. पाइप बसला.

प्लांटवर तिसरा लूप सुरू व्हायचा तेव्हा मॅडमच्या निवृत्तीला थोडेच दिवस उरले होते. तिथे जायची गरज नव्हती, पण त्या हटून बसल्या आणि मला बरोबर घेतलं. निवृत्तीनंतर त्या आईला घेऊन साताऱ्याकडे, गावाला गेल्या. तिथून फोन येतात, कधी मी करते. म्हातारी ठणठणीत आहे. पण त्यानंतर आमची भेट झालेली नाही. त्यामुळे माझ्याजवळ त्यांचं शेवटचं रूप आहे ते त्या प्लांटवरचं.

सकाळी तिसरा लूप उघडला. सगळे कंट्रोल रूममध्ये प्रेशरच्या रेषेकडे डोळे लावून बसले होते. दुपारपर्यंत रेष सरळ राहिली, जरा थरथरायची, परत सरळ. मी आणि पाटकर साहेब मोकळ्या हवेत बाहेर आलो, तर मॅडम कुठे दिसेनात. वर पाहिलं. लोखंडी सांगाड्याच्या पार वरच्या मजल्यावर, त्या बारीक पाइपला बसवलेल्या काचेशी तोंड नेऊन त्या वाकल्या होत्या. हेल्मेट डोक्याला मोठं झालेलं. शेजारी एक ऑपरेटर बोट दाखवून काहीतरी सांगत होता, त्या मान डोलावत होत्या, आणि मग दोघंही कशावरून तरी खो खो हसले.

त्यांनी आम्हाला पाहिलं. कठड्यावरून वाकून त्या ओरडल्या. पंपांच्या आवाजात एक अक्षर कळेना.

"काय म्हणतायत?" पाटकर साहेबांनी विचारलं.

"ऐकू येत नाहीये."

त्या आता दोन्ही हात हलवून आम्हाला वर बोलवत होत्या. हेल्मेट डोळ्यांवर घसरत होतं, ते मागे सारत होत्या, परत हात हलवत होत्या. पाटकर साहेबांनी खिशातून रुमाल काढून चष्मा नीट पुसला, आणि आम्ही दोघं जिना चढायला लागलो.